'वैमानिकशास्त्रा'ची वंशावळ आणि परग्रहवासी-वाद

जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्या मनुष्यापुढें एखादें बाड आलें म्हणजे त्यांतील मजकूर किती अद्भुत आहे हें तो आधीं पाहात नाहीं. कागद कोणता, अक्षराचें वळण कोणत्या काळाचें, पुष्पिकेंतील शक व संवत्सर यांचा मेळ बसतो कीं नाहीं, पोथी कोणाच्या घरून निघाली आणि त्या घरीं ती कशी आली, हे प्रश्न तो प्रथम विचारतो. त्यांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे मग मजकुराकडे वळतो. प्रस्तुत लेखाचा विषय वरवर पाहतां या व्यवसायाशीं फटकून आहे. परग्रहांवरील बुद्धिमान् प्राणी प्राचीन काळीं पृथ्वीवर उतरले, त्यांनीं मानवास शिल्प, ज्योतिष, धातुविद्या इत्यादि कला शिकविल्या, आणि त्यांच्याच यानांना आपल्या पूर्वजांनीं देवांचीं विमानें असें म्हटलें, असा एक वाद अर्धशतकाहून अधिक काळ जगभर चालू आहे. या वादाचा भारतीय भाग जेथें जेथें उभा केलेला आहे, तेथें तेथें त्याच्या पायाशीं एखादा ग्रंथ, एखादा उतारा किंवा एखादी वास्तु दाखविली जाते. ग्रंथाचा व उताऱ्याचा कस लावणें हें काम ज्योतिर्विदाचें नसून पोथ्या चाळणाराचें आहे. सबब हा विषय या पृष्ठांत घेण्यास हरकत नसावी.

वादाचा इतिहास थोडक्यांत असा. अमेरिकन लेखक चार्ल्स फोर्ट यानें १९१९ सालीं प्रसिद्ध केलेल्या पुस्तकांत, पृथ्वी ही बाहेरच्या कोणाची तरी मालमत्ता असावी, अशी कल्पना अर्धवट थट्टेनें मांडली. १९६० सालीं पोवेल व बर्जिए या दोघां लेखकांनीं फ्रेंच भाषेंत तिला पुष्कळ विस्तार दिला. एरिक फोन डेनिकेन या स्विस उपाहारगृहचालकाचें जर्मन पुस्तक १९६८ सालीं निघालें आणि कल्पनेचा पंथ झाला. पुढें १९७६ सालीं सिचिन यानें सुमेरी इष्टिकालेखांतून एक अज्ञात ग्रह व त्यावरील रहिवासी काढून दाखविले. इजिप्तचे पिरॅमिड, पेरू देशांतील नाझ्का येथील रेखा, मेक्सिकोंतील पालेंके येथील राजाच्या शवपेटिकेचें झांकण, हीं या पंथाचीं ठरीव तीर्थस्थानें होत. त्यांचा परामर्श त्या त्या देशांच्या पंडितांनीं घेतला आहे. आपणांस येथें आपल्याकडील कागद पाहावयाचे आहेत.

रामायणांतील पुष्पक, महाभारतांतील शाल्वाचें सौभ, हीं नांवें या पंथास अर्थात् फार सोयीचीं झालीं. परंतु पुष्पकाच्या वर्णनांत तें कसें बनविलें होतें हें नाहीं. तें मनाच्या वेगानें जातें, बसणारे वाढले तरी त्यांत जागा होते, हा काव्याचा विषय आहे. शिवाय 'विमान' शब्दाचा अर्थ एकच नाहीं. देवांचें आकाशयान हा एक. अनेक मजल्यांचा प्रासाद हा दुसरा. आणि दक्षिणेकडील शिल्पशास्त्रांत देवालयाचें शिखरासह गर्भगृह हा तिसरा. तेव्हां यंत्राचीं मापें, धातु, कळा यांसह सर्व सांगणारा एखादा ग्रंथ मिळाल्याखेरीज काव्यांतील विमानास चाकें व पंखे बसविणें कठीण होतें. तो ग्रंथ मिळाला. त्याचें नांव 'वैमानिकशास्त्र'.

हा ग्रंथ महर्षि भरद्वाजांच्या 'यंत्रसर्वस्व' नामक मोठ्या ग्रंथाचा भाग असून त्यावर बोधानंद यतींची वृत्ति आहे, असें सांगण्यांत येतें. अध्याय आठ, श्लोकसंख्या सुमारें तीन हजार. वैमानिकानें जाणावयाचीं बत्तीस रहस्यें, त्याचा आहार, त्याचीं वस्त्रें, विमानाचे आरसे, धातु घडविण्याच्या रीति, असा त्यांतील विषयक्रम आहे. आणि शकुन, सुंदर, रुक्म व त्रिपुर या चार विमानांचें सविस्तर वर्णन आहे. ग्रंथ जगापुढें आला तो १९५२ सालीं, म्हैसूर येथील जी. आर. जोसियर यांच्याकडून. १९५९ सालीं दिल्लीहून ब्रह्ममुनि परिव्राजक यांनीं 'बृहद् विमानशास्त्र' या नांवानें हिंदी भाषांतरासह त्याची आवृत्ति काढली, व १९७३ सालीं जोसियर यांची इंग्रजी भाषांतरासह आवृत्ति निघाली. पाश्चात्य परग्रहवादी लेखकांनीं ती हातोहात उचलली. अमेरिकेंतील चाइल्ड्रेस यानें १९९१ सालच्या आपल्या पुस्तकांत जोसियर यांचें भाषांतरच छापून टाकलें.

आतां वंशावळ पाहूं. बंगळूर येथील भारतीय विज्ञान संस्थेंतील एच. एस. मुकुंद, एस. एम. देशपांडे, एच. आर. नागेंद्र, ए. प्रभु व एस. पी. गोविंदराजु या पांच शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं या ग्रंथाचें परीक्षण प्रसिद्ध केलें. ते विमानविद्येचे व यंत्रशास्त्राचे अभ्यासक असूनही त्यांनीं आधीं पोथीच्या उगमाची चौकशी केली, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. ज्यांचा हा व्यवसाय, त्यांनीं ती वीस वर्षांत केली नव्हती!

त्या चौकशींतून निघालेली हकीकत अशी. पंडित सुब्बराय शास्त्री (१८६६–१९४०) हे होसूर तालुक्यांतील एका खेड्यांत जन्मले. आईबाप लहानपणींच गेले. दारिद्र्य व रोग यांनीं गांजून ते भ्रमण करीत असतां कोलारजवळील आवनी येथें त्यांस एक सत्पुरुष भेटले, व त्यांच्या कृपेनें आपणांस अनेक शास्त्रांचें ज्ञान झालें, असें शास्त्रीबोवा सांगत. पुढें ते बंगळूरनजीक आनेकल येथें राहूं लागले. स्फूर्ति होई तेव्हां ते श्लोक भराभर म्हणत, आणि वेंकटाचल शर्मा ते लिहून घेत. वैमानिकशास्त्राचें हें कथन १९१८ ते १९२३ या काळांत झालें. विमानांचीं चित्रें १९२३ सालीं एल्लप्पा नांवाच्या नकाशे काढणाऱ्या कारागिरानें शास्त्रीबोवांच्या देखरेखीखालीं काढलीं.

म्हणजे मूळ पोथी नाहींच. भूर्जपत्र नाहीं, ताडपत्र नाहीं, जुन्या कागदावरील जीर्ण प्रतही नाहीं. बडोद्याच्या राजकीय संस्कृत ग्रंथालयांत एक प्रत होती, पुण्याहून एका प्रतीचीं छायाचित्रें मिळालीं, असा उल्लेख येतो, आणि तो वाचून संग्राहकाचे कान टवकारतात खरे. कारण दोन दूरच्या ठिकाणीं दोन प्रती निघणें हें साधारणतः ग्रंथाच्या जुनेपणाचें लक्षण समजलें जातें. परंतु पुण्याच्या प्रतीवर साल १९१९ आहे, व सही वेंकटाचल शर्मा यांचीच आहे. बडोद्याच्या प्रतीचा माग १९४४ च्या मागें जात नाहीं. तेव्हां या दोन स्वतंत्र शाखा नव्हेत. आनेकलच्या एकाच झाडाच्या या डहाळ्या आहेत. पोथी किती ठिकाणीं सांपडली याला महत्त्व नाहीं, त्या पोथ्या परस्परांपासून किती काळ विभक्त होत्या याला आहे.

अंतर्गत पुरावाही हीच साक्ष देतो. भाषा वैदिक नाहीं. सोपें, अर्वाचीन वळणाचें संस्कृत अनुष्टुभांत बांधलेलें आहे. पूर्वाचार्यांच्या म्हणून ज्या ग्रंथांचे हवाले पदोपदीं दिले आहेत, त्यांपैकीं बहुतेकांचा अन्यत्र मागमूस लागत नाहीं. चित्रांवर विसाव्या शतकाच्या आरंभींच्या यंत्रशाळेची छाप उघड दिसते. आणि यंत्रें? पांचही परीक्षकांचा निर्वाळा असा कीं, वर्णिल्याबरहुकूम बांधलें तर यांपैकीं एकही विमान उडणार नाहीं. उड्डाणाच्या मूलतत्त्वांचें ज्ञान त्यांत नाहीं. ग्रंथ १९०४ च्या अलीकडचा असला पाहिजे, असा त्यांनीं निष्कर्ष काढला. राइट बंधूंचें उड्डाण डिसेंबर १९०३ मधलें, हें वाचकांच्या लक्षांत येईलच.

सुब्बराय शास्त्र्यांस आम्ही लबाड म्हणत नाहीं. त्यांनीं या ग्रंथावर पैसा मिळविला नाहीं व आपल्या हयातींत त्याचा डंकाही पिटला नाहीं. विमानें आकाशांत उडूं लागल्याच्या वार्ता खेड्यापाड्यांत पोंचत असतां एका व्युत्पन्न, गरीब, श्रद्धाळू पंडिताच्या मनांत त्यांचें जें प्रतिबिंब पडलें, तें या श्लोकांत उतरलें आहे. आणि त्या दृष्टीनें हें साधन जपून ठेवण्याच्या लायकीचें आहे. कोणाच्या संग्रहीं १९१९ ची प्रत असेल तर त्यानें ती खुशाल अभिमानानें दाखवावी. मात्र सूचींत तिच्यापुढें काळ लिहितांना भरद्वाजांचा लिहूं नये.

मुंबईचे शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव या प्रकरणांत गुंतलेलें आहे, म्हणून त्यांविषयीं दोन शब्द. तळपद्यांनीं १८९५ सालीं चौपाटीवर 'मरुत्सखा' नांवाचें विमान उडविलें, न्यायमूर्ति रानडे व सयाजीराव गायकवाड तें पाहण्यास हजर होते, व ही बातमी 'केसरी'त आली होती, अशी कथा महाराष्ट्रांत सर्वश्रुत आहे. तिच्यावर २०१५ सालीं एक हिंदी बोलपट निघाला. आणि त्याच वर्षीं जानेवारींत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसच्या १०२ व्या अधिवेशनांत प्राचीन विमानविद्येवर निबंध वाचला गेला, त्याचा आधारही हेंच वैमानिकशास्त्र होतें. तळपदे संस्कृतज्ञ होते, हुन्नरी होते, विमानाच्या नादानें झपाटलेले होते, याविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. परंतु कथेंतील दुवे जुळत नाहींत. शास्त्रीबोवा मुंबईस आले व त्यांच्या मार्गदर्शनानें तळपद्यांनीं नमुने बांधले, असें शास्त्रीबोवांच्या बाजूची हकीकत सांगते. पण तीच हकीकत असेंही सांगते कीं, त्यांपैकीं एकही उडाला नाहीं. विमानांच्या प्राचीन उल्लेखांवर १९८५ सालीं ग्रंथ लिहिणारे दिलीपकुमार कांजीलाल हे स्वतः त्या उल्लेखांस अनुकूल असूनही, हा प्रयत्न १८९५ चा न धरतां १९१५ नंतरचा धरतात. ज्या कथेंत मुख्य घटनेची तारीख वीस वर्षांनीं मागेंपुढें सरकते, तिच्या बाबतींत एकच मार्ग उरतो: १८९५ सालच्या मुंबई-पुण्याच्या वृत्तपत्रांच्या फाइली पानोपान चाळणें, आणि बातमी निघाल्यास तिची प्रतिकृति तारखेसह छापणें. 'केसरींत आलें होतें' हें वाक्य म्हणजे 'केसरी' नव्हे.

योगायोग असा कीं, आनेकल येथें हे श्लोक सांगितले व लिहिले जात होते, त्याच काळांत, १९१९ सालीं, पुण्यास भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरांत महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम सुरू झालें. शारदा, नेवारी, मैथिली, बंगाली, तेलुगु, ग्रंथ, मल्याळम्, देवनागरी अशा नाना लिपींतील १२५९ हस्तलिखितें त्या कामीं पाहिलीं गेलीं. विष्णु सीताराम सुखठणकर यांनीं १९२५ पासून १९४३ सालीं मृत्यु येईपर्यंत त्यांत देह झिजविला. आणि काम पुरें झालें तें १९६६ सालीं. एका ओळींतील एक शब्द मूळचा कीं मागाहून घुसलेला, हें ठरविण्यासाठीं पन्नास पोथ्या पुढें मांडून बसणाऱ्या त्या मंडळींस, तीन हजार श्लोक पोथीवांचून भरद्वाजांच्या नांवें जमा करणें कसें वाटलें असतें, याची कल्पना करावी.

महाभारताचा विषय निघाला, तेव्हां परग्रहवाद्यांचा दुसरा आवडता पुरावाही तपासून घेऊं. १९६० नंतरच्या पाश्चात्य पुस्तकांतून महाभारताचा म्हणून एक उतारा फिरत आला आहे. त्यांत एक लोहमय वज्र वृष्णि व अंधक यांच्या कुळांची राख करतें. लोकांचे केस व नखें गळून पडतात. मातीचीं भांडीं अकारण फुटतात. पक्षी पांढरे होतात. अन्न दूषित होतें. हीं परमाण्वस्त्राचींच लक्षणें, असें मग सांगण्यांत येतें. ज्यानें लहानपणीं यादवीची गोष्ट ऐकली आहे, त्यास हा उतारा वाचून आधीं नवल वाटेल आणि मग हंसूं येईल. हें वज्र म्हणजे मौसलपर्वांतील मुसळ! यादवांच्या पोरांनीं सांबास गरोदर स्त्रीचा वेष देऊन ऋषींची थट्टा केली, ऋषींनीं शाप दिला, व सांबाच्या पोटीं लोखंडी मुसळ जन्मलें. राजाच्या आज्ञेनें तें कुटून त्याचें चूर्ण समुद्रांत टाकण्यांत आलें. १८८३ ते १८९६ या वर्षांत निघालेल्या किसारी मोहन गांगुली यांच्या इंग्रजी भाषांतरांत या मुसळाकरितां जे शब्द योजले आहेत, त्यांचा अर्थ लोखंडी अर्गळा असाही होतो व लोखंडी वज्र असाही होतो. तेवढ्या फटींतून परमाणुबाँब आंत शिरला.

बाकीचीं लक्षणें तर त्याहून मौजेचीं आहेत. शापानंतर द्वारकेंत जे उत्पात दिसूं लागले, त्यांत रस्तोरस्तीं उंदीर माजले, आणि रात्रीं निजलेल्या माणसांचे केस व नखें ते कुरतडूं लागले. नव्या पुस्तकांतून उंदीर तेवढे पळाले. केस व नखें आपोआप गळूं लागलीं. पांढुरक्या रंगाचे, तांबड्या पायांचे पक्षी घरांत शिरले, हें मुळांत अपशकुन म्हणून आहे; त्याचे 'पांढरे झालेले पक्षी' झाले. भांडीं फुटणें व शिजल्या अन्नांत किडे दिसणें हींही त्याच उत्पातांच्या मालिकेंतलीं आहेत. शिवाय हे उत्पात मुसळाचें चूर्ण समुद्रांत गेल्यानंतरचे असून संहार त्यांच्याही नंतरचा आहे. संहार घडला तो प्रभासास, मद्याच्या धुंदींत, आणि त्यावेळीं यादवांच्या हातीं एरका गवताचे बुडखे होते. शब्द मूळचेच ठेवून संदर्भ काढून टाकल्यानें काय होऊं शकतें याचा इतका सुबक नमुना आमच्या पाहण्यांत दुसरा नाहीं. जुन्या महजरांतून असले प्रकार करणाऱ्या कुळकर्ण्यांस पूर्वी दंड होत असे.

मग प्राचीन भारतांत उडत्या यंत्राची कल्पनाच नव्हती कीं काय? होती, आणि ती अस्सल ग्रंथांत आहे. खोट्या ग्रंथाच्या गलबल्यांत खऱ्याकडे लक्ष जात नाहीं, हें या प्रकरणांतील आमचें मुख्य गाऱ्हाणें आहे. धारच्या भोजराजाच्या नांवावरील 'समरांगणसूत्रधार' हा अकराव्या शतकांतील ग्रंथ म. म. गणपतिशास्त्री यांनीं गायकवाड प्राच्यग्रंथमालेंत १९२४–२५ सालीं दोन भागांत प्रसिद्ध केला. त्याच्या एकतिसाव्या अध्यायांत यंत्रांचें प्रकरण आहे. दारावरील यांत्रिक रखवालदार, नाचणाऱ्या पुतळ्या, पाणी उचलणारीं व कारंजीं उडविणारीं यंत्रें यांच्या जोडीस हलक्या लांकडाचा एक मोठा पक्षी सांगितला आहे. त्याच्या पोटांत पारा व पाऱ्याखालीं अग्नि ठेवून मनुष्य आकाशांत दूरवर जाऊं शकतो, असें ग्रंथकार म्हणतो. लगेच तो असेंही म्हणतो कीं, यंत्रांची घडण आपण उघड करीत नाहीं, तें अज्ञानामुळें नव्हे, गुप्ततेसाठीं. पारा तापवून पक्षी उडत नाहीं हें खरें. पण ही ऐकीव व कौतुकाची गोष्ट अकराव्या शतकांतील एका जाणत्या राजानें नोंदविली, एवढें निश्चित आहे, व तेवढें पुष्कळ आहे. परग्रहावरून कोणी आल्याचा मात्र तेथें वास सुद्धां नाहीं. यंत्र करणारा सुतार आहे.

त्या सुताराचें नांवही जैन ग्रंथांनीं राखलें आहे. 'आवश्यकचूर्णी'तील कोक्कास हा सोपाऱ्याचा, म्हणजे आपल्या कोंकणांतल्या शूर्पारकाचा. त्यानें यांत्रिक कबुतरें करून राजाच्या कोठारांतील साळी उचलून आणविल्या, व पुढें राजासाठीं उडतें यंत्र बनविलें. संघदासगणींच्या प्राकृत 'वसुदेवहिंडी'त तो ही विद्या यवनांपासून शिकतो. आणि राजाराणीच्या हट्टापायीं यंत्रांत बेताबाहेर भार होऊन तें मोडतें व खालीं येतें. भार किती पेलेल याचा विचार करणारा हा सुतार, बत्तीस रहस्यें जाणणाऱ्या वैमानिकापेक्षां आम्हांस अधिक खरा वाटतो.

आणि हाच कोक्कास, कोकस या नांवानें, मराठी ग्रंथांतून वेरुळास येऊन पोंचतो. कैलास लेणें मानवानें कोरलें नाहीं, परग्रहावरील यंत्रांनीं कोरलें, असें परदेशी दूरचित्रवाणीवरून अलीकडे सांगितलें जातें. कृष्ण याज्ञवल्कीच्या 'कथाकल्पतरू'ची पोथी ज्यांच्या घरीं आहे, त्यांनीं त्यांतील माणिकेश्वराची कथा काढून पाहावी. राजा व्याधिमुक्त होईल तर शिवालय बांधीन, आणि शिखर दृष्टीस पडेपर्यंत अन्न घेणार नाहीं, असा राणीनें नवस केला. इतक्या थोड्या वेळांत शिखर कोण दाखविणार? पैठणचा कोकस पुढें आला. त्यानें डोंगर माथ्याकडून कोरण्यास आरंभ केला, व आठवड्याच्या आंत राणीस शिखर दाखविलें. कथा आख्यायिकेच्या स्वरूपाची आहे. पण लेणें वरून खालीं कोरलेलें आहे ही तांत्रिक गोष्ट तींत अचूक धरून ठेवली आहे, आणि डोंगरांतील खोदकाम पाहणाऱ्या प्रत्येकास ती दिसते. लेण्याचें आवार सुमारें २७६ फूट लांब, १५४ फूट रुंद, व मागील भिंतीशीं १०७ फूट खोल आहे. डेक्कन कॉलेजचे म. के. ढवळीकर यांनीं, एक माणूस दिवसास चार घनफूट खडक काढतो असें धरून, अडीचशें मजुरांस साडेपांच वर्षें पुरतील असा हिशेब केला होता. अजिंठ्याच्या चोविसाव्या लेण्यासारखीं अपुरीं राहिलेलीं लेणीं जाऊन पाहिलीं, तर छिन्नीचे घाव कामाच्या प्रत्येक टप्प्यावर अजून ताजे दिसतात.

कैलासाविषयीं सर्वांत जुना लेख ताम्रपटांत आहे. गुजराथेंतील राष्ट्रकूट शाखेच्या कर्क सुवर्णवर्षाचा शके ७३४, म्हणजे इ. स. ८१२–१३, चा हा दानपट बडोद्यास मिळाला. त्यांतील एलापूरचें देवालय म्हणजे वेरुळचें कैलास, असें रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनीं १८८४ सालीं आपल्या दक्षिणच्या इतिहासांत दाखविलें. देवालय पुरें होऊन तेव्हां पुरतीं पन्नास वर्षेंही झालीं नसावींत. त्या ताम्रपटांत विमानेंही आहेत. विमानांत बसून जाणारे देव कृष्णराजाचें तें देवालय पाहून थबकतात, आणि हें शिवाचें स्थान स्वयंभू असावें, मानवी कृतींत असें सौंदर्य कोठून येणार, असें आपसांत म्हणतात. त्यापुढेंच शिल्पकार येतो: दुसरें असें काम पुनः हातून होईना, तेव्हां आपल्याच कृतीकडे पाहून, हें मी केलें तरी कसें, असा त्यास विस्मय पडला.